सहीचं पत्र आधी

५ जानेवारी १९९७, रविवार. नावडे

आलो एकदाचा! गिरगावातल्या त्या खुराड्यातून सुटलो. तिथे डावीकडे मिक्सर, उजवीकडे गुणगुणणारी ट्यूबलाइट, खाली लाँड्रीवाल्याची मोटर. इतकी वर्षं मी रेडिओ ऐकलाच नाही, शेजाऱ्यांची भांडीकुंडी ऐकली. इथे नावड्याच्या वसाहतीत चार मजली इमारत, त्यातली निम्मी घरं कुलपात, समोर मोकळा माळ. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की नाकाला जरा झोंबतं, तेवढंच. गिरगावातले शहाणे विचारत होते, तिकडे काय आहे? अरे, काही नाही म्हणून तर चाललोय!

शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याला दुसरं काय लागतं? शांतता आणि लांब तार.

ही वही मुद्दाम घातली आहे. आमच्या श्रोता मंडळाच्या वार्षिक अंकात 'कोणता सेट घ्यावा' हा लेख मी लिहिणार. दुसरं लिहिणार कोण? मंडळातल्या अर्ध्या लोकांना ऐकण्याशी कर्तव्यच नाही. परदेशी स्टेशनांना पत्रं पाठवायची, फुकटची कॅलेंडरं उकळायची आणि 'श्रोत्यांची पत्रं' कार्यक्रमात आपलं नाव वाचलं की गल्लीभर मिरवायचं. मी आजवर एकाही स्टेशनाला एक ओळ लिहिलेली नाही.

तर तीन सेट. एक जपानी, माझा, मेहुण्याने दुबईहून आणलेला. आकडे दाबले की स्टेशन हजर. दुसरा जर्मन, चोरबाजारातून उचललेला, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा. स्टेशन बरोबर लागलं की त्याचा हिरवा डोळा मिटतो. तिसरा चिनी, आणि तो निखिलचा. हा निखिल मंडळाचा सभासद. पावणे गावात ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळायचं वर्कशॉप आहे त्याचं. आज बाल्कनीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत एरिअल बांधायला आला होता. बांधलीन् ठीक, पण तोंड बंद असेल तर शपथ. काका टेन्शन नका घेऊ, काका हा पीस एकदम कडक, काका तुमच्या जपानीची वाट लावेल. साबणाच्या डबीएवढा सेट आणि घंगाळाएवढं तोंड.

खालच्या मजल्यावर सयाजी म्हणून एक साताऱ्याकडचा फिटर राहतो. सामान चढवायला आपणहून आला, काय लागलं तर हाळी द्या म्हणाला. हाळी कशाला, हा माणूस जिन्यात कुजबुजला तरी गच्चीवरची कबुतरं उडतात.

जाई आणि सौ. अजून महिनाभर गिरगावातच. जाईची आकाशवाणीत निवेदिकेच्या जागेसाठी चोवीस तारखेला आवाजाची चाचणी आहे, ती झाली की दोघी येतील. पोरीचा आवाज म्हणजे... इथे कोण वाचतंय म्हणून लिहितो, तो ऐकला की मला यातला एकही सेट नकोसा होतो. तिला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल.

सौ.ने पोळ्या बांधून दिल्या होत्या, त्या खाऊन झोपतो.

७ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस तिन्ही सेट एकाच एरिअलवर आळीपाळीने लावून ऐकतोय. जपानी: काटेकोर, शेजारची स्टेशनं एकमेकांत मिसळू देत नाही, पण आवाज पत्र्याचा. जर्मन: आवाज ऐकत राहावा असा, पण तापेपर्यंत स्टेशन सरकत राहतं, हात बटणावरून काढायची सोय नाही. चिनी: काय बोलावं! डायलवर जिथे सुई न्याल तिथे चार जण भांडतायत. शिवाय हलक्या सेटची ती खोड, एकच स्टेशन डायलवर दोन जागी लागतं, त्यातली एक जागा खोटी. मंडळात आम्ही तिला छाया म्हणतो. नवखे लोक छाया ऐकून 'नवीन स्टेशन सापडलं' म्हणून नाचतात. निखिल असा तीनदा नाचलाय.

सयाजीची बायको भाकरीशी खायचं कोरड्यास घेऊन आली. तिखटजाळ. खाल्लं.

९ जानेवारी, गुरुवार

चिनी डबीने आज करमणूक केली. दुपारच्या चहाला बसलो होतो. साठ मीटरचा बँड अशा वेळी मेलेला असतो. भर उन्हात तिथे लांबचं काही लागत नाही, हे मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तिथे एक बाई मराठीत बोलत होती! जपानीवर तोच आकडा टाकला, नुसती खरखर. जर्मनवर काही नाही. म्हणजे ठरलं, छाया. मुंबईच्या एखाद्या मीडियम वेव्हची.

पण कार्यक्रम मात्र अस्सल! श्रोत्यांची पत्रं! आवाज असा की बाईने घशाला खोबरेल चोपडलंय. स्टेशनचं नाव एकदाही घेत नाही, हा तर अडाणीपणाचा कळस. म्हणाली की आम्हांला तिकीट नको, पाकीट नको. ऐकलंत आणि घरी लिहून ठेवलंत की पोचलं. खाली सही असेल तर त्या श्रोत्याला आम्ही आधी बोलावतो. सही नसेल तर पत्रात ज्यांची नावं आहेत त्यांना एकेक करून, जशी लिहिली असतील तशी. आपला आवाज आमच्याकडे द्या, असं शेवटी लाडात येऊन म्हणाली.

घ्या! पत्र नको आणि उत्तर हवं. कुणाच्या पैशावर चालतात हे धंदे कोण जाणे. शेरा दिला: आवाज पाचपैकी दोन, अक्कल शून्य.

१२ जानेवारी, रविवार

आज जर्मनवरही लागली. छाया एवढ्या चांगल्या सेटवर लागत नाही. म्हणजे स्टेशन खरं आहे, आणि जवळ आहे. हिरवा डोळा पार मिटला.

बाई म्हणाली, आज आपण पावण्याच्या निखिलना बोलावू या. मी कप खाली ठेवला. मग वाचू लागली, चवीचवीने: साबणाच्या डबीएवढा सेट आणि घंगाळाएवढं तोंड.

आलं लक्षात! म्हणजे हे पोराचे उद्योग. वर्कशॉपात छोटासा ट्रान्समीटर जोडलान्, कुणा मामेबहिणीला पुढे बसवलंन् आणि काकांची टिंगल चालवलीन्. राग त्याचा नाही. पण एवढी हुशारी याच्यात आली कुठून? आजवर याचं कौतुक एका वाक्यात संपत होतं.

एकच अडतं. ते वाक्य मी तो गेल्यावर लिहिलं. असेल, तोंडावरही बोललो असेन. तोंडावर बोलायची सवय आहे मला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आज घरात फोन बसला! पहिला गिरगावात केला. जाईने फोनवरच बातम्या वाचून दाखवल्या, नावड्याच्या वसाहतीत एका नामवंत श्रोत्याचे आगमन वगैरे. वाह्यात कार्टी. सौ.ने तिळगूळ खाल्लात का विचारलं, आणि आज तरी गोड बोला म्हणाली. बोललो.

मग निखिलचं बिंग फोडायला वर्कशॉपवर फोन केला. त्याच्या वडिलांनी उचलला. म्हणाले, रविवार दुपारपासून पोरगा बोलत नाही. म्हणजे आवाजच फुटत नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, घशाला काही झालेलं नाही. नुसता मान वाकडी करून बसतो, लांबचं काहीतरी ऐकत असल्यासारखा. ट्रान्समीटरचं विचारलं तर कसला ट्रान्समीटर म्हणाले, आणि रडायला लागले. बरं वाटेल, ताक देऊ नका, असलं काहीतरी बोलून ठेवला.

दुपारी सेट लावला. लावायला नको होता.

निखिल होता. बाई नव्हे, निखिल. आवाज त्याचा, त्यात वादच नाही, मी ऐकणारा माणूस आहे. पण टेन्शन नाही, कडक नाही, वाट लावेल नाही. स्वच्छ पुस्तकी मराठीत तो सांगत होता की मला इथे फार बरं वाटतं आहे, इथे खूप मंडळी आहेत, आणि पत्र पाठवणाऱ्या काकांचा मी आभारी आहे.

कसलं पत्र? मी कुणाला पत्र पाठवलं?

सयाजी तिळगूळ घेऊन आला, दारातूनच 'सायेब, ग्वाड ग्वाड बोला' असा ओरडला. एरवी चिडलो असतो. आज त्याला बसवून घेतलं, चहा दिला. त्याने एवढ्या रेडिओंचं करता काय म्हणून विचारलं, त्यावरही शांतपणे उत्तर दिलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज तिन्हींवर. जपानीवरही, स्पष्ट. सेटमध्ये फरक उरला नाही.

बाईने सयाजीचं नाव घेतलं. नावड्याचे सयाजी, फिटर. आणि मग ते कबुतरांचं वाक्य. शब्द न् शब्द. हे मी कुणाच्या तोंडावर बोललेलो नाही. कुणालाच बोललेलो नाही. फक्त इथे लिहिलंय.

धावत खाली गेलो. सयाजी पहिल्या पाळीवरून नुकताच आला होता, जेवत होता. मी विचारलं, बरा आहेस ना? त्याने तोंड उघडलं. उघडंच राहिलं. घास दिसत होता.

१७ जानेवारी, शुक्रवार

त्याची बायको सकाळी दारात. माजा मानूस बोलंना वो सायेब, कालधरनं तोंडातनं अक्षर न्हाई, कुनाची नजर लागली? मी तिला आत बोलावलं नाही. टेबलावर वही उघडी होती. तिचं नाव सांगू लागली तेव्हा मी कान झाकले. वेड्याकडे बघावं तशी बघून गेली.

जिना शांत आहे. हीच शांतता हवी होती मला, नाही का?

१८ जानेवारी, शनिवार

पहिलं पान काढून वाचलं. बाई काय म्हणाली होती, ते नवव्या तारखेच्या पानावर आहे: सही नसेल तर पत्रात ज्यांची नावं आहेत त्यांना, जशी लिहिली असतील तशी. ही वहीच त्यांचं पत्र. मंडळातल्या त्या कॅलेंडरवाल्यांना मी हसलो आणि त्यांच्यापेक्षा लांब पत्र मी लिहिलं.

पहिलं नाव निखिल. दुसरं सयाजी.

तिसरं नाव इथे पुन्हा लिहीत नाही.

सौ.चं कुठेच नाही. आमच्याकडे बायकोचं नाव कागदावर लिहायची पद्धत नाही, वडिलांनीही आईचं कधी लिहिलं नाही. तेवढी एक जुनाट पद्धत पाळली म्हणून ती सुटली. पोरीचं मात्र लिहिलं. पहिल्या पानावरच दोनदा लिहिलं. वर तिच्या आवाजाचं कौतुक केलं, जन्मात पहिल्यांदा, आणि तेही इथे.

पान फाडलं. स्वयंपाकघरातल्या मोरीत जाळलं. राख पाण्याने घालवली.

१९ जानेवारी, रविवार

बाई हसली आज. श्रोते हो, पहिल्या पानाला जळका वास येतोय, म्हणाली. पण अक्षर वाचता येतंय.

आणि मग, एकापाठोपाठ एक, निखिल, सयाजी. सयाजीचा आवाज हळू. इतका हळू, की कबुतरं...

नाही. आता कुणाबद्दल काही लिहायचं नाही.

२० जानेवारी, सोमवार

जर्मनची वायर भिंतीतून काढली. दोन्ही लहान सेटचे सेल काढून कचऱ्यात टाकले. एरिअल गच्चीवरून तोडली.

दुपारी हिरवा डोळा पेटला आणि पार मिटला. वायर माझ्या हातात होती.

लेखाचा निष्कर्ष: तिन्ही सेट सारखेच चालतात. सेल असोत नसोत.

२१ जानेवारी

गिरगावात पळून जावं? उपयोग नाही. निखिल पावण्याला होता, त्याने ते स्टेशन ऐकलंही नव्हतं. जिथे असेल तिथून घेतात.

रोज तीनतीनदा फोन करतोय. ती हसते. बाबा, करमत नाही ना? मी म्हणतो, वाचून दाखव काहीतरी. काहीही वाच. ती वाण्याच्या पुडीचा कागद वाचते. श आणि ष वेगळे. आजकाल कोण करतं?

बाई म्हणाली, शुक्रवारी एक नवा, कोवळा आवाज. गिरगावातून. नाव नाही घेतलं. जपून ठेवलंय.

२३ जानेवारी

सापडलं.

सहीचं पत्र आधी. त्यांचाच नियम. या वहीत माझं नाव कुठेच नाही. सयाजी सायेब म्हणायचा, तो पोरगा काका म्हणायचा, मी स्वतःला 'मी' म्हणतो. उद्या, बाई बोलायला लागली की रीतसर अहवाल लिहायचा आणि खाली सही ठोकायची. मग पोरीच्या जागी मी. माझ्या आवाजाचं काय लोणचं घालायचंय? लोकांना टाकून बोलण्यापलीकडे त्याने काही केलेलं नाही. तिचा राहायला हवा. तिचा आवाज राहिला पाहिजे, बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

पहिल्यांदाच एखाद्या स्टेशनाला लिहिणार. आणि कसलं भिकार स्टेशन नशिबी आलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी फोन आला. चाचणीला निघतेय म्हणाली. आशीर्वाद मागितलान्. दिला. तुझा आवाज मला फार आवडतो, हे सांगितलं. पलीकडे गप्पच झाली. घाबरलो. मग म्हणाली, बाबा, बरं नाही का तुम्हांला?

दुपार. बाई सुरू झाली. लिहितो.

श्रवण अहवाल.
स्टेशन: नाव सांगायची लाज वाटते.
बँड: साठ मीटर.
सेट: एकही चालू नाही.
आवाज: पाचपैकी पाच. खरखर नाही.
कार्यक्रम: टुकार. निवेदिका: नाटकी.
श्रोता: दिनानाथ वासुदेव परुळेकर, नावडे.
सही केली.

थांबली. बाई थांबली! कागद चाळल्याचा आवाज. अय्या, सही आली म्हणते. या दिनानाथराव, म्हणते...

दुखलं नाही. गळ्यात नुसतं रिकामं वाटतंय. हाक मारून पाहिली. हवा येते.

आता तिकडे मी बोलतोय. माझाच आवाज. नमस्कार श्रोते हो, म्हणतोय. इतकं गोड मी संक्रांतीलाही बोललो नव्हतो. काय हा लाळघोटेपणा.

पण पोरगी वाचली. वाचली!

फोन. तीच आहे. तीच! चाचणी झाली, दोनदा वाचायला लावलं, मान डोलावत होते म्हणते. आवाज खणखणीत. मी बोलत नाही म्हणून विचारते, रुसलात का? आनंदाने बोबडी वळली का? रिसीव्हर मानेत धरून लिहितोय. दुसरं काय करू. बोल पोरी. ऐकतोय मी.

इकडे मी... तिकडचा मी म्हणतोय, सहीचं पत्र आधी झालं. आता त्याच पत्रातलं राहिलेलं नाव...

राहिलेलं?

आधी. आधी म्हणाली होती. ऐवजी नव्हती म्हणाली. मी नीट ऐकलं होतं, लिहूनसुद्धा ठेवलंय, नऊ तारखेला, माझ्याच अक्षरात, आधी, फक्त आधी...

वाचतोय. तिकडे मी वाचतोय. पोरीचा आवाज म्हणजे, इथे कोण वाचतंय म्हणून लिहितो...

फोनवर ती अजून बोलतेय. आईने शिरा केला म्हणते. बोल. आणखी बोल. शिऱ्याचं सांग, कुणी काय विचारलं ते सांग, थांबू नकोस, काहीही बोल, बोलत राहा, पोरी, अशी मध्येच का थां—